नळवाले सर

आमचे सर हात धुण्याआधी नळ धुवायचे. नुसतं पाणी ओतून नव्हे. साबणाचा फेस करून आधी नळाची चावी, मग तोटी, मग चावीखालची ती काळी पडलेली खाच, आणि एवढं सगळं झाल्यावर स्वतःचे हात. इंदूरच्या एका जुन्या कॉलेजात ते जीवरसायन शिकवायचे. पहिल्या वर्षाची पोरं खिडकीतून बघून खिदळायची. सर मान न वळवता म्हणायचे, 'हसा, हसा. पण सांगा, घाण हाताने चावी उघडली, हात धुतले, आता बंद करायला परत त्याच चावीला हात लावणार ना? फिर धुतलं काय तुम्ही?' दिवाळीच्या सुट्टीपर्यंत हसणारी पोरंही नळ घासताना दिसायची. शिपायापासून डिपार्टमेंटच्या हेडसाहेबांपर्यंत सगळे त्यांना नळवाले सर म्हणत. सरांना ते माहीत होतं आणि त्याचं त्यांना काहीच वाटत नसे.

मी त्यांच्या हाताखाली सात-साडेसात वर्षं संशोधन केलं. आता अन्नपूर्णा भागातल्या एका शाळेत बायॉलॉजी शिकवते, निवृत्तीला टेकले आहे, आणि खरं सांगायचं तर दमले आहे. शाळेच्या अंकात आपल्या गुरूंवर लिहा म्हणून दरवर्षी कुणीतरी मागे लागतं, आणि मी दरवर्षी टाळते. गुरूंवर लिहिताना लोक साखर फार घालतात. सरांना ते चाललं नसतं, आणि मला ते जमायचं नाही, कारण यात माझीही एक गोष्ट आहे आणि ती काही गोड नाही.

एकदा घरी, छत्रीबागेत, मी हात धुण्याआधी नळ घासत होते. आई म्हणाली, 'हे काय नवीन सोवळं काढलंस?' दुसऱ्या दिवशी गंमत म्हणून मी हे सरांना सांगितलं. सर हसले. मग काचेची नळी पुसता पुसता म्हणाले, 'आमचं उलटं होतं. महूला, शाळेत, आम्ही पाणी प्यायलो की मागून एक जण येऊन नळ धुवायचा. आमच्या देखत. माझे आजोबा पलटणीत होते, छातीवर मेडल. आणि त्यांच्या नातवाच्या मागून लोक नळ धुवायचे.' मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईचं ते सोवळं मी कुठे आणून ठेवलं होतं! सरांनी माझा चेहरा पाहिला असावा. 'अरे, परेशान नको होऊ,' ते म्हणाले. 'मी काही बदला नाही घेऊन राहिलो. हात सगळ्यांचेच घाण असतात, माझे पण. म्हणून सगळ्यांसाठी धुतो, बस.' हा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

सरांचे वडील मिलमध्ये होते, रंगखात्यात. सगळं घर त्यांना दादा म्हणायचं. दादांची नखं कायमची निळी होती. मुलीच्या लग्नात सगळ्यांपुढे हात जोडताना त्यांना त्याचीच लाज वाटली होती म्हणे. सरांचं निम्मं शास्त्र त्या रंगखात्यातून आलेलं. 'साच्यावरून, म्हणजे मागावरून, उतरला तो काय कपडा असतो?' ते वर्गात विचारायचे. 'तो कोरा माल. हात लावला तर खरखरीत, मळकट. मग त्याला धुतात, ब्लीच करतात, रंगवतात, खळ देतात, घडी घालून शिक्का मारतात, तेव्हा कुठे तुमच्या आईची साडी होते. पेशीत पण एकदम तसंच. जीनवरून प्रोटीन उतरतं तो कोरा माल. मग त्याला कुठे साखर लावतात, कुठे फॉस्फेट लावतात, कुठे टोक कापतात. तेव्हा ते कामाचं होतं. पण पुस्तकवाले सगळे साचेखात्याचं कौतुक करून राहिलेत. रंगखात्याला कुणी विचारत नाही.' शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज जरा चढायचा.

या रंगखात्यातली एक गोष्ट त्यांच्या विशेष जिवाची होती. पेशीत एक चिमुकलं प्रोटीन असतं, ते दुसऱ्या मोठ्या प्रोटीनला जाऊन चिकटतं आणि त्याचं काम किंवा जागा बदलून टाकतं. सर त्याला बिल्ला म्हणायचे. 'माणूस तोच. पण बिल्ला लावला की गेटवाला त्याला वेगळ्या खात्यात सोडतो. काढला की परत आपल्या जागी.' त्याला भारदस्त इंग्रजी नाव होतं, पण आमच्या लॅबमध्ये तो शेवटपर्यंत बिल्लाच राहिला. बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर माझ्या तोंडून एकदा बिल्ला निघून गेलं, तेव्हा सर खाली मान घालून हसत बसले होते.

आणि सासूबाई. प्रत्येक प्रयोगात एक नळी अशी ठेवायची की तिच्यात बाकी सगळं घालायचं, एक मुख्य गोष्ट तेवढी वगळायची. त्या नळीत काही दिसता कामा नये. दिसलं, तर शेजारच्या नळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. जगभर तिला कंट्रोल म्हणतात. सर सासूबाई म्हणायचे, कारण 'ती स्वतः काही करत नाही, पण ती बसलेली असली की बाकीचे सरळ वागतात.' पॅसेजमधूनच त्यांची हाक यायची, 'मंजू, सासूबाई बसल्या का?' मी लग्न टाळत होते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून पुढे पुस्ती जोडायचे, 'ही तर सांभाळ, दुसरी मिळेल तेव्हा मिळेल.'

त्याच वर्षांत मिल बंद झाली. शहरातले भोंगे एकेक करून गप्प झाले, आणि भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं काही दिवस उगीच भांबावल्यासारखी वागत होती. बाजारात मात्र परदेशी साबण आले, चॉकलेटं आली, काचेच्या दारांची दुकानं आली. दादा तरीही रोज सकाळी पाळीच्या वेळेला डबा घेऊन निघत. सर कॉलेजला येता येता त्यांना स्कूटरवरून मिलच्या गेटाशी सोडत. तिथे आणखी दहा-वीस म्हातारे बसलेले असत. 'दादा तिथे दिवसभर करतात काय हो?' मी एकदा विचारलं. 'बसतात,' सर म्हणाले. 'घरी बसले तर आजारी पडतात.'

खुल्या बाजाराचा आमच्या लॅबला झालेला फायदा म्हणजे एक परदेशी यंत्र. डीएनएचा कणभर तुकडा दिला की त्याच्या लाखो प्रती काढून द्यायचं. सरांनी ते आल्याआल्या ओल्या फडक्याने पुसलं, त्याला स्टॅबिलायझर जोडला आणि सरांच्या बायकोने त्याला फुलाफुलांचं कव्हर शिवून पाठवलं. त्याला लागणारी एन्झाइमं विमानाने, बर्फात घालून यायची. डबा उशिरा पोचला तर आत नुसतं पाणी. ते पाणी पाहिलं की सर अर्धा दिवस कुणाशी बोलत नसत.

या यंत्रावर आम्ही एका मेलेल्या जीनच्या मागे लागलो होतो. ते जरा सांगायला हवं. जीनमधला मजकूर पेशी थेट वापरत नाही. आधी त्याची एक चिठ्ठी उतरवून घेते आणि त्या चिठ्ठीवरून प्रोटीन बनवते. बिल्ल्याचा खरा जीन आपलं काम करतच असतो. पण लाखो वर्षांपूर्वी कधीतरी त्याच्या चिठ्ठीची एक नक्कल चुकून भलत्याच जागी डकवली गेली. तिला धड सुरुवात नाही, मधली अक्षरं चुकलेली. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे ती नुसती जात राहिली, कामाची कधीच नाही. मराठी पुस्तकात अशा नकलेला छद्मजनुक म्हणतात. सरांना तो शब्द मुळीच आवडत नसे. 'छद्म म्हणजे फसवणारा. याने कुणाला फसवलं? बिचारा चूप पडला आहे.' आणि मग हळूच म्हणायचे, 'पण मला वाटतं, पूर्ण चूप नसेल.' अजूनही त्या नकलेवरून एखादी चिठ्ठी निघत असेल, आणि बिल्ल्यांच्या कारभारात तिचाही काही हात असेल, असा त्यांचा कयास होता. ती चिठ्ठी दाखवणं हे माझं काम.

रक्त सरांचं स्वतःचं. बाही वर करून म्हणायचे, 'घे, शुद्ध मिलचं रक्त आहे.' पाचव्या वर्षी ती चिठ्ठी दिसली. जांभळ्या दिव्यावर ठेवलेल्या जेलीसारख्या वडीत एक नारिंगी पट्टी, आणि शेजारी सासूबाईंची जागा कोरी. सरांनी माझ्याकडून आणखी तीनदा करून घेतलं. तिन्ही वेळा पट्टी, तिन्ही वेळा सासूबाई कोऱ्या. दुसऱ्या दिवशी ते दादांना गेटावरून उचलून थेट लॅबमध्ये घेऊन आले. धुतलेला पांढरा सदरा घातलेले दादा दिव्यावर वाकले, त्या नारिंगी रेघेकडे बराच वेळ बघत राहिले आणि त्यांनी विचारलं, 'रंग पक्का आहे का?' जन्मभर रंगखात्यात काढलेला माणूस दुसरं काय विचारणार! सर म्हणाले, 'पक्का आहे, दादा.' सरांना इतकं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

सर तेव्हा रीडर होते. प्रोफेसर व्हायला एकच गोष्ट कमी पडत होती, परदेशी जर्नलमधला एक पेपर. दादा दर रविवारी जेवताना विचारायचे, 'झाला का प्रोफेसर?' मिल गेल्यावर घरात पक्कं म्हणावं असं एवढंच उरलं होतं. आम्ही पेपर पाठवला, तो मंजूर झाला, सरांच्या इंटरव्ह्यूची तारीख आली. हेडसाहेबांनी सगळ्या डिपार्टमेंटला कचोऱ्या खाऊ घातल्या. माझंही घोडं त्याच गाडीला जुंपलेलं होतं: पेपर छापून आला की थीसिस, आणि थीसिस झाला की त्याच कॉलेजात निघणारी लेक्चररची जागा. घरी बाबांनी लग्नासाठी तेवढीच मुदत दिली होती.

एका हिंदी पेपरचा वार्ताहर आला. त्याला बंद जीन आणि बंद मिल यांची गंमत वाटली. 'मतलब सर, मिल भी कभी बोल पड़ेगी?' सर असे चिडले की मी दचकले. 'जीन को किसी ने बंद नहीं किया, भिया. मिल को लोगों ने बंद किया. बैठ के, दस्तखत करके. दोनों को एक मत करो.' ती बातमी काही आली नाही.

सरांच्या लॅबमध्ये वहीचे नियम कडक होते. पान फाडायचं नाही, खोडलं तरी खालचं वाचता आलं पाहिजे, आणि काहीही लिहिण्याआधी वर तारीख. सर सवडीने वही वाचत आणि प्रत्येक पानाखाली सही करत, सहीखाली त्यांची तारीख. त्या महिन्यात दादा आजारी पडले आणि सर दवाखान्यात अडकले. थीसिससाठी एक स्वच्छ फोटो हवा म्हणून मी एकटीने तोच प्रयोग पुन्हा लावला. मध्ये वीज गेली, आली, माझी धांदल उडाली. पट्टी मात्र सुरेख आली. आवराआवर करताना बर्फाच्या डब्यात हात घातला तर एक कुपी हाताला लागली. नव्या डब्यातली, सील न तोडलेली. त्या दिवशी मी ती उघडलीच नव्हती.

यंत्राला चिठ्ठी कळत नाही, त्याला फक्त डीएनए कळतो. म्हणून आधी या कुपीतलं एन्झाइम घालून चिठ्ठीचा डीएनए करून घ्यावा लागतो. एन्झाइमच नाही, मग पट्टी आली कुठून? उत्तर एकच होतं. रक्तातून चिठ्ठ्या वेगळ्या काढताना मूळ डीएनएचे कण सोबत आले होते, आणि यंत्र पहिल्या दिवसापासून त्यांच्याच प्रती काढत होतं. दुसरा कुठला जीन असता तर लगेच उघडं पडलं असतं, कारण मूळ जीन लांब असतो आणि त्यातले तुकडे गाळून चिठ्ठी आखूड होते. पण आमची नक्कल मुळात चिठ्ठीवरूनच झालेली. दोघींची लांबी एकच. शेवटी त्या बिचाऱ्याने फसवलं ते आम्हालाच.

आणि सासूबाई? त्या बसल्या होत्या, पण चुकीच्या पाटावर. सरांचा हात जुन्या प्रयोगांवर बसलेला. तिथे सासूबाईंच्या नळीत नमुन्याऐवजी पाणी घालायची रीत होती. इथेही आम्ही तेच करत आलो. पाण्यात ना चिठ्ठी ना डीएनए, ती कोरी राहील नाही तर काय! वगळायला हवं होतं ते एन्झाइम. उठता बसता सासूबाई सासूबाई करणाऱ्या माणसाकडून ही चूक झाली होती, आणि मीही पाच वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मी मुद्दाम पुन्हा केलं, एन्झाइम न घालता. पट्टी आली. वहीत तारीख घातली, खाली लिहिलं, 'एन्झाइम घातलं नाही. पट्टी आली.' आणि वही मिटली.

तिसऱ्या दिवशी सर दवाखान्यातून धावत आले. पेपर छापण्याआधीची शेवटची प्रुफं त्यांनी दादांच्या खाटेशी बसून तपासली होती. जाडजूड लिफाफा माझ्या हातात देऊन म्हणाले, 'मंजू, हे आज रजिस्टर करून टाक ना. मला परत जायचं आहे. दादांना सांगून टाकलं मी, आता झालंच म्हणून.' तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. सर दमलेले होते, दादा आजारी होते, या सगळ्या सबबी मी नंतर रचल्या. खरं कारण साधं होतं. मला ती लेक्चररची जागा हवी होती. मी मोठ्या पोस्टात गेले, रांगेत उभी राहिले, लिफाफा रजिस्टर केला आणि पावती पर्समध्ये ठेवली. माझ्यापुढे रांगेत सात-आठ माणसं होती, म्हणजे विचार करायला वेळ मिळाला नाही असंही म्हणता येत नाही.

पुढचे दिवस अन्न गोड लागेना. आई म्हणाली, काविळीचं रक्त तपासून घे. दादा घरी आले, सर कामावर रुजू झाले, आणि त्या दिवशी ते नळ धूत असताना मी मागे जाऊन उभी राहिले आणि सांगितलं. सगळं सांगितलं, फक्त एक खोटं बोलले. 'काल दिसलं, सर,' असं म्हणाले.

सरांनी चावी बंद केली. ती बंद करायला त्यांना जरा वेळ लागला. 'आपण पाणी घालत होतो,' ते म्हणाले.

'हो, सर.'

'एन्झाइम काढायला पाहिजे होतं.'

'हो.'

'इतकी सीधी गोष्ट,' असं म्हणून ते स्टुलावर बसले. ओले हात त्यांनी तसेच मांडीवर ठेवले होते. 'इतकी वर्षं पोरांना हेच शिकवून राहिलो मी.' मग उठले आणि त्यांनी माझी वही मागितली. मी दिली. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

दोन दिवस त्यांनी स्वतःच्या हाताने तो प्रयोग केला. मग हेडसाहेबांकडे गेले. हेडसाहेब माणूस वाईट नव्हता. 'अरे भिया, कौन पढ़ रिया है?' ते कळकळीने म्हणाले. 'इंटरव्यू हो जाने दो. बाद में देख लेना.' सर म्हणाले, 'साहब, उसपे मेरे बाप का नाम है. बीच वाला.' सरांनी जर्नलला पत्र लिहिलं, पण अंक छापायला गेला होता. पेपर आला आणि पाठोपाठ पुढच्या अंकात तो मागे घेतल्याची चौकट आली. चौकटीत चूक त्यांनी एकट्याच्या नावावर घेतली होती. इंटरव्ह्यूला गेले ते स्वतःच ही हकिगत सांगायला. प्रोफेसर दुसरे कुणी झाले.

त्या रविवारी दादांनी नेहमीसारखं विचारलं, तेव्हा सरांनी सांगितलं, 'रंग कच्चा निघाला, दादा.' दादा म्हणाले, 'मग बरं झालं घरातच कळलं. कच्च्या रंगाचा माल बाजारात नको सोडू.' हे सरांनीच मला हसत हसत सांगितलं. मला ते हसू बघवेना. माल बाजारात गेला होता, आणि तो नेऊन टाकणारी मी होते.

वही परत आली तेव्हा त्या पानाखाली सरांची सही होती. वर माझी तारीख, खाली त्यांची, आणि मध्ये नऊ दिवस. लिफाफा माझ्या हातात कधी दिला तो दिवस सर विसरणं शक्य नव्हतं. मी वाट पाहिली. आज बोलतील, उद्या बोलतील. ते बोलले नाहीत. उरलेल्या कामातून त्यांनी माझा थीसिस पुन्हा उभा करून दिला, एकेक वाक्य शेजारी बसून तपासलं, त्याला आणखी दोन वर्षं गेली. लेक्चररची जागा तोवर भरली गेली होती. सरांच्या बोलण्यात, चेष्टेत, सासूबाईंच्या हाकेत तसूभर फरक पडला नाही. फक्त पोस्टात टाकायचं पत्र त्यांनी पुन्हा कधी माझ्याकडे दिलं नाही. ऊन असो, अंगात ताप असो, स्कूटर काढून स्वतः जायचे. 'द्या ना सर, मी जाते,' म्हटलं की म्हणायचे, 'राहू दे, मला त्या बाजूला काम आहे.' कसलं काम, ते दोघांनाही माहीत होतं.

सर रीडर म्हणूनच निवृत्त झाले. दादा गेल्यावर ते महूला परतले. मी क्वचित जायचे. तोंड नव्हतं हे खरं कारण, शाळेत सुट्टी मिळत नाही हे सांगायचं कारण. शेवटची गेले तेव्हा त्यांना दमा फार झाला होता. चार शब्द बोलले की थांबायचे. त्यानंतर तीन महिन्यांनी ते गेले. त्या शेवटच्या भेटीत मी त्यांना खूश करावं म्हणून म्हटलं, 'सर, असे काही मेलेले जीन खरोखर चिठ्ठ्या काढतात, त्यांचा उपयोगही असतो, असं आता बाहेर सिद्ध झालं आहे.' सर म्हणाले, 'असेल. आपलावाला चूप होता.' आणि हसताना त्यांना खोकल्याची उबळ आली.

उबळ थांबली, तेव्हा मी म्हटलं, 'सर, तेव्हा मी काल दिसलं म्हणाले, ते काल नव्हतं दिसलं. मी खोटं बोलले होते.'

'मालूम आहे,' सर म्हणाले. 'तारीख होती ना वर.'

'मग बोलला का नाहीत?'

त्यांनी जरा दम घेतला. 'पान वाचलं. वाटलं, पोरीला ही तारीख बदलता आली असती. वही तिच्याकडे, पेन तिच्याकडे. नाही बदलली. म्हटलं, चलो, ठीक आहे.'

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्याबद्दल एक बरी गोष्ट सांगत होतं. पण त्यांच्यासमोर आणखी एक खोटं माझ्याने गिळवेना. 'सर, ती मी काही प्रामाणिकपणाने नव्हती घातली. सवयीने हात गेला. बदलायचं सुचलंच नाही.'

'तो मग? सवय कुणी लावली?' ते म्हणाले. मग डोळे मिटून, 'रोज रोज प्रामाणिकपणा कुठून आणेल माणूस? थकून जातो.'

माझ्या डोळ्यांना धार लागली होती. सरांच्या बायकोने चहा आणला, तो मी कसाबसा प्यायले. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं असं वाटलं आणि मी निघायला उठले. दाराजवळच्या टेबलावर एक बंद लिफाफा होता, पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेलं. मी तो उचलला. म्हटलं, 'सर, वाटेतच पोस्ट आहे. जाता जाता टाकते.'

सरांनी डोळे उघडले. 'राहू दे,' ते अगदी मायेने म्हणाले. 'शेजारचा टाकेल.'

मी लिफाफा होता तिथे ठेवला आणि चपला घातल्या.